कष्टाचे काम करताना रक्तातील साखर आणि शरीरातील पाणी कसे सांभाळावे?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे: वय ४६, सहा वर्षांपासून टाइप २ मधुमेह, सकाळी मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड या दोन गोळ्या, काम दिवसभर उन्हात ओझी उचलण्याचे. पोट जड झाले की ओझे उचलवत नाही म्हणून दुपारी आपण जेमतेम खाता. साडेतीनच्या सुमारास हात थरथरतात, दरदरून घाम फुटतो, डोळ्यांपुढे अंधारी येते. मग आपण अर्ध्या लिटरची शीतपेयाची बाटली संपवता, बरे वाटते, आणि संध्याकाळी तपासलेली साखर २६० निघते. मागच्या महिन्यात हा आकडा पाहून ग्लिमेपिराइडची मात्रा वाढवली गेली आणि थरथर आणखी लवकर येऊ लागली. काम करताना गोड प्यावे की नुसते पाणी, असे आपण विचारले आहे.

दोन्हींची गरज आहे, पण दोन्ही एकाच बाटलीतून भागवू नयेत. तहानेसाठी पाणी आणि उतरलेल्या साखरेसाठी मोजलेली साखर, ही दोन कामे वेगळी ठेवली तर आपला बराचसा त्रास आवाक्यात येईल. मधुमेह असूनही अंगमेहनतीची कामे करणाऱ्या रुग्णांना मी अनेक वर्षे पाहत आलो आहे, आणि साखरेचा व पाण्याचा हिशेब एकमेकांत मिसळल्यामुळे झालेली फसगत मला सतत दिसते. या दोन्ही गोष्टी शरीरात एकमेकींना ओढतात, म्हणून आधी ती ओढाताण समजून घेऊ.

स्नायू विश्रांतीत असतो तेव्हा रक्तातील साखर आत घेण्यासाठी त्याला मुख्यतः इन्सुलिनची मदत लागते. तोच स्नायू आकुंचन पावू लागला की साखर आत घेणारे वाहक इन्सुलिनची वाट न पाहता पेशीच्या पृष्ठभागावर येतात आणि साखर थेट आत शिरू लागते. श्रमामुळे इन्सुलिनचा परिणाम वाढतो हे निरीक्षण नवे नाही. स्वतः मधुमेही असलेले ब्रिटिश वैद्य आर. डी. लॉरेन्स यांनी १९२६ सालीच ते नोंदवले होते. निरोगी माणसाच्या शरीरात कष्टाच्या वेळी स्वादुपिंड इन्सुलिन आखडते घेते आणि यकृत आपल्या साठ्यातून साखर सोडते, त्यामुळे तोल राहतो. यकृताचा हा साठा मात्र फार मोठा नाही, साधारण १०० ग्रॅमच्या आसपास असतो. स्नायूंमध्ये त्याच्या कितीतरी पट ग्लायकोजेन, म्हणजे साठवलेली साखर, असते, पण स्नायू आपली साखर रक्ताला परत देऊ शकत नाहीत. सकाळपासून राबलेल्या आणि दुपारी अर्धपोटी राहिलेल्या माणसाचे यकृत साडेतीनपर्यंत बरेच रिकामे झालेले असते.

त्यात आपली ग्लिमेपिराइड. ही गोळी स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावते, आणि आपण झोपलेले आहात की ओझे वाहत आहात हे तिला कळत नाही. श्रमाच्या वेळी इन्सुलिन जितके खाली यायला हवे तितके येत नाही. एकीकडे स्नायू साखर ओढत आहेत, दुसरीकडे इन्सुलिन तिला आणखी आत ढकलते आहे, आणि भरपाई करणारे यकृत थकलेले आहे. मेटफॉर्मिन एकटी घेतली तर साखर सहसा धोक्याच्या पातळीपर्यंत उतरवत नाही, त्यामुळे आपल्या थरथरीमागे पहिला संशय ग्लिमेपिराइडवर घ्यावा लागतो.

आता पाण्याकडे येऊ. उन्हात जड काम करणारा माणूस तासाला अर्धा ते दीड लिटर घाम सहज गाळतो. पाणी कमी झाले की रक्ताचे आकारमान घटते, तीच साखर कमी पाण्यात अधिक दाट दिसते, आणि शरीर ताण समजून जी संप्रेरके सोडते तीही साखर वर नेतात. दुसऱ्या बाजूने, रक्तातील साखर साधारण १८० मिलिग्रॅमच्या पुढे गेली की मूत्रपिंडांना ती सगळी परत शोषता येत नाही. ती लघवीतून वाहू लागते आणि जाताना पाणी घेऊन जाते. म्हणजे कमी पाण्याने साखर चढते आणि चढलेल्या साखरेने पाणी आणखी कमी होते. शीतपेय पिऊन २६० वर गेलेला माणूस संध्याकाळी पुन्हा तहानेने व्याकूळ होतो तो याचमुळे, आणि ती तहान पुन्हा गोडानेच भागवली तर हे चक्र रात्रीपर्यंत चालू राहते.

येथे एक सूचना करतो, कारण चांगले जाणकार लोकही यात फसतात. लघवीचा रंग फिका असला की पाणी पुरेसे आहे असे सर्वांना सांगितले जाते. साखर चढलेली असताना हा नियम लागू पडत नाही. लघवीतून साखर जात असेल तर ती भरपूर आणि फिकी होते, आणि माणूस आतून कोरडा पडत असतो. डॅपाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन या वर्गातील गोळ्या घेणाऱ्यांनी तर रंगावर मुळीच विसंबू नये, कारण साखर लघवीवाटे बाहेर काढणे हेच त्या गोळ्यांचे काम आहे.

यापेक्षा वजनकाटा खरा बोलतो. एखाद्या दिवशी दोन तासांच्या कामाच्या आधी आणि नंतर, अंग पुसून, कमीत कमी कपड्यांत वजन करावे आणि मधल्या वेळात किती पाणी प्यालो ते मोजावे. समजा वजन ८०० ग्रॅमने घटले आणि आपण एक लिटर पाणी प्यालात, तर मध्ये लघवीला गेला नसाल असे धरून दोन तासांत १.८ लिटर घाम गेला, म्हणजे तासाला ९०० मिलिलिटर. हा आपला स्वतःचा आकडा झाला. तो दुसऱ्याच्या कोणत्याही तक्त्यापेक्षा उपयोगाचा आहे. वजनातील घट २ टक्क्यांच्या पुढे जाऊ लागली की कामाची ताकद आणि लक्ष दोन्ही ढळू लागतात. सत्तर किलोच्या माणसाच्या बाबतीत ही घट १.४ किलोची होते, आणि उन्हात दोन-तीन तासांत ती सहज होऊ शकते.

तहान लागण्याची वाट न पाहता दर पंधरा-वीस मिनिटांनी एक पेला, म्हणजे २०० ते २५० मिलिलिटर साधे पाणी प्यावे, हा उन्हातील कामासाठी चांगला नियम आहे. बराच काळ मधुमेह असलेल्यांमध्ये स्वायत्त मज्जासंस्थेला, म्हणजे घाम, हृदयाचे ठोके अशा आपोआप चालणाऱ्या क्रिया सांभाळणाऱ्या नसांना, इजा झालेली असू शकते. मग घाम नीट येत नाही आणि उन्हाशी जुळवून घेण्याची शरीराची यंत्रणाच कच्ची पडते. वय वाढते तशी तहानेची जाणीवही बोथट होते. उलट टोकाला जाणेही घातक आहे. तासाला दीड लिटरच्या वर पाणी ढोसले तर रक्तातील सोडियम इतके पातळ होऊ शकते की डोके दुखणे, उलट्या, गोंधळलेपण आणि झटके येण्यापर्यंत वेळ येते. ज्यांना हृदयाच्या किंवा मूत्रपिंडाच्या आजारामुळे पाणी मोजून दिले आहे त्यांनी यातला कोणताही आकडा आपल्या वैद्याला विचारल्याशिवाय लागू करू नये.

मिठाचे काय? एका लिटर घामातून साधारण अर्धा ते दोन ग्रॅम सोडियम जाते. माणसागणिक हा फरक मोठा आहे. वाळलेल्या सदऱ्यावर पाठीशी पांढरे नकाशे उमटत असतील तर आपला घाम खारट आहे असे समजावे. नियमित जेवणारा माणूस ही तूट बहुधा जेवणातून भरून काढतो. पण कित्येक तास सलग घाम गाळणाऱ्याने, विशेषतः पायांत गोळे येत असतील तर, काही पेले ओआरएसचे घ्यावेत. मधुमेह आहे म्हणून ओआरएस टाळणारे अनेक जण मला भेटतात, आणि ही भीती आकडे पाहिल्यावर गळून पडते. जागतिक आरोग्य संघटनेच्या सध्याच्या सूत्रानुसार एक लिटर ओआरएसमध्ये १३.५ ग्रॅम ग्लुकोज असते. आपल्या अर्धा लिटर शीतपेयात साधारण ५० ग्रॅम साखर असते. ओआरएसमधील तेवढे ग्लुकोजही गोडीसाठी घातलेले नाही. आतड्यात सोडियम आणि ग्लुकोज एकाच वाहकाने जोडीने आत जातात आणि त्यांच्या मागोमाग पाणी शोषले जाते, म्हणून ते लागते. पाकीट मात्र त्यावर लिहिलेल्या मापाच्या पाण्यातच विरघळवावे, आणि ओआरएसच्या नावाखाली मिळणारी गोड पेये घेण्याआधी वेष्टनावरील साखरेचा आकडा वाचावा. रक्तदाब जास्त असणाऱ्यांनी रोजच्या रोज ओआरएस पिण्याची सवय लावून घेऊ नये.

या हिशेबातून आणखी एक गोष्ट निघते. उतरलेल्या साखरेवर ओआरएस हे औषध नव्हे. एक पेला ओआरएसमधून जेमतेम तीन ग्रॅम ग्लुकोज मिळते, आणि आपल्याला त्या क्षणी १५ ग्रॅम हवे असते.

आता साडेतीनचा तो प्रसंग. थरथर, घाम, अशक्तपणा, चिडचिड, डोके हलके होणे ही लक्षणे साखर उतरल्याची असू शकतात आणि उन्हाने दमल्याचीही असू शकतात. घामाने निथळणारा माणूस समोर उभा असताना नुसत्या डोळ्यांनी हा भेद मलाही करता येत नाही. म्हणून ग्लुकोमीटर कामाच्या जागी हवा. घरी कपाटात असलेला मीटर या क्षणी कामाचा नाही. साखर ७० मिलिग्रॅमच्या खाली असेल तर ती उतरलेली आहे, आणि ५४ च्या खाली असेल तर मेंदूला पुरवठा अपुरा पडू लागल्याचे धरून क्षणाचाही विलंब करू नये. मीटर जवळ नसेल आणि शंका असेल, तर साखर उतरली आहे असेच समजून वागावे. पंधरा ग्रॅम साखर चुकून जास्त गेल्याने होणारे नुकसान थोडे आहे. उतरलेली साखर तशीच राहू देण्याचे नुकसान जिवावर बेतू शकते.

तपासताना हात धुवावेत, हे मी प्रत्येकाला दोनदा सांगतो. एक रुग्ण कामावरून थेट माझ्याकडे आला होता. चेहरा पांढरा फटक, बोलणे तुटक. मीटरने २१४ दाखवले. आकडा आणि माणूस जुळेनात. त्याच्या बोटांकडे पाहिले तर त्याने नुकतेच एक रसाळ फळ सोलून बाजूला ठेवलेले होते. साबणाने हात धुऊन, कोरडे करून दुसऱ्या बोटातून रक्त घेतले तेव्हा आकडा ६१ होता. पहिल्या आकड्यावर विश्वास ठेवून त्याला पाणी पाजून घरी पाठवले असते तर काय झाले असते, हा विचार अजून मनातून जात नाही. पाणी नसेल तर पहिला थेंब पुसून दुसरा थेंब वापरावा. दंडावर सतत मोजणारा सेन्सर लावला असेल तर तो त्वचेखालील द्रवातील साखर मोजतो, रक्तातील नव्हे, आणि झपाट्याने उतरत असलेल्या साखरेच्या काही मिनिटे मागे राहतो. सेन्सर ८५ दाखवतो आणि अंगाला कंप सुटला आहे, अशा वेळी अंगावर विश्वास ठेवावा.

उपचार साधा आहे, पण मापात हवा: १५ ग्रॅम लवकर शोषली जाणारी साखर, म्हणजे ग्लुकोजची पूड किंवा गोळ्या, किंवा चहाचे तीन-चार सपाट चमचे साखर थोड्या पाण्यात. काम थांबवून सावलीत बसायचे, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासायचे, ७० च्या खालीच असेल तर तेवढीच मात्रा पुन्हा घ्यायची. चॉकलेट किंवा तुपकट गोड पदार्थ या वेळी नकोत, कारण स्निग्धांशामुळे साखर रक्तात उशिरा पोचते. जे अकार्बोज (आतड्यात साखर हळू शोषू देणारी मधुमेहाची गोळी) घेतात त्यांना साधी साखर लवकर उपयोगी पडत नाही. त्यांनी ग्लुकोजच बाळगावे. साखर वर आली आणि पुढचे जेवण लांब असेल तर धान्याचा एखादा पदार्थ खावा, नाहीतर तासाभरात ती पुन्हा घसरेल. हे पंधरा मिनिटे थांबणेच सर्वांत अवघड जाते, याची मला जाणीव आहे. शरीर अन्नासाठी आकांत करत असते आणि हातात पूर्ण बाटली असते. ती बाटली संपवली की गरजेच्या तिपटीहून अधिक साखर जाते, आणि संध्याकाळचे २६० तेथून येतात. तो आकडा मधुमेह बळावल्याचा नसून दुपारच्या उपचाराचा आहे. त्यावर गोळी वाढवणे म्हणजे आगीतून फुफाट्यात जाणे. सुरुवातीच्या वर्षांत संध्याकाळचा एकच आकडा पाहून मीही अशी मात्रा वाढवली आहे आणि रुग्णाने तिची किंमत मोजली आहे. तेव्हापासून दुपारी काय झाले हे विचारल्याशिवाय मी संध्याकाळच्या आकड्याला हात लावत नाही.

त्यामुळे आपण पहिली गोष्ट ही करावी की ग्लिमेपिराइडबद्दल आपल्या वैद्यांशी या आठवड्यातच बोलावे, आणि त्यांना दुपारच्या थरथरीसकट सगळे सांगावे. मात्रा कमी करणे किंवा साखर धोक्याच्या पातळीपर्यंत न उतरवणाऱ्या दुसऱ्या औषधाकडे वळणे असे मार्ग त्यांच्याजवळ असतात. स्वतःहून गोळी बंद करू नये. औषध बदलून एम्पाग्लिफ्लोझिनच्या वर्गातील गोळी सुचवली गेली तर आपण उन्हात काम करता हे आवर्जून सांगावे. तिच्यामुळे पाणी अधिक जाते, आणि उलट्या, उपास किंवा पाण्याची मोठी कमतरता असताना ती चालू ठेवली तर साखर फारशी चढलेली नसतानाही रक्त आम्लधर्मी होण्याचा धोका असतो. उलट्या-जुलाबांच्या दिवशी ही गोळी आणि मेटफॉर्मिन थांबवावी का, हे आधीच विचारून लिहून ठेवावे. रक्तदाबासाठी बीटा ब्लॉकर चालू असेल तर साखर उतरताना थरथर आणि धडधड झाकली जाऊ शकते, घाम मात्र येतो. अंगदुखीसाठी सर्रास घेतल्या जाणाऱ्या आयब्युप्रोफेनसारख्या गोळ्या पाणी कमी झालेल्या शरीरात मूत्रपिंडांना इजा करू शकतात, आणि कष्टकरी माणसाला त्या घेण्याचा मोह वारंवार होतो. तो टाळावा.

कामाला लागण्यापूर्वी साखर तपासावी. आपल्यासारखी गोळी किंवा इन्सुलिन घेणाऱ्याची साखर ९० च्या खाली असेल तर आधी १५ ते ३० ग्रॅम कर्बोदके खाऊन मग जड काम सुरू करावे. साखर २५० च्या वर असेल, विशेषतः इन्सुलिनवर असणाऱ्यांची, तर केटोन, म्हणजे इन्सुलिन कमी पडून शरीर चरबी जाळू लागले की रक्तात साचणारी आम्लधर्मी द्रव्ये, तपासावेत. रक्तातील केटोन १.५ मिलिमोल किंवा त्याहून अधिक असतील तर त्या दिवशी कष्ट करू नयेत आणि वैद्याला गाठावे. दुपारचे जेवण पोट जड होते म्हणून कमी करणे मी समजू शकतो. पण मग तेच अन्न दोन भागांत वाटावे, अर्धे बाराला आणि अर्धे अडीचला. साडेतीनच्या घसरणीवर हा सर्वांत स्वस्त आणि सर्वांत परिणामकारक उपाय आहे.

इन्सुलिन घेणारे कोणी हे वाचत असतील तर त्यांच्यासाठी दोन गोष्टी. तापलेल्या त्वचेतून आणि राबणाऱ्या अवयवातून इन्सुलिन लवकर शोषले जाते, म्हणून दिवसभर चालायचे असेल तर मांडीऐवजी पोट बरे. आणि उन्हात ठेवलेले इन्सुलिन आपली शक्ती गमावते. ते सावलीत, थंड पिशवीत, पण बर्फाला थेट न टेकवता ठेवावे, कारण गोठलेले इन्सुलिनही टाकूनच द्यावे लागते. साखर तपासण्याच्या पट्ट्यांनाही उष्णता सोसत नाही.

दिवस संपला म्हणजे धोका संपला असे नाही, आणि माझ्या मते याच वेळेकडे सर्वांचे सर्वाधिक दुर्लक्ष होते. रिकामे झालेले स्नायू आपला साठा भरून घेण्यासाठी रात्रभर साखर ओढत राहतात, आणि इन्सुलिनला त्यांचा वाढलेला प्रतिसाद २४ ते ४८ तास टिकू शकतो. भयंकर स्वप्ने, घामाने भिजलेली उशी, सकाळचे जड डोके ही झोपेत साखर उतरून गेल्याची चिन्हे असू शकतात. माणसाला स्वतःला काहीच आठवत नाही. शेजारी झोपणाऱ्याला विचारावे लागते. नेहमीपेक्षा जास्त राबलेल्या दिवशी, आणि सुट्टीनंतर कामावर परतल्याच्या पहिल्या काही दिवसांत, झोपण्यापूर्वी साखर तपासावी. त्या रात्री दारू घेणे धोक्याचे, कारण ती यकृताला नवी साखर तयार करू देत नाही. एकदा साखर उतरली की पुढच्या वेळची लक्षणे फिकी पडतात, हेही लक्षात ठेवावे. आदल्या रात्री ती उतरली असेल तर दुसऱ्या दिवशी उंचावर चढण्याचे किंवा यंत्र चालवण्याचे काम घेऊ नये.

आपल्यासोबत काम करणाऱ्या किमान दोघांना आपल्याला मधुमेह आहे हे सांगा आणि साखरेची पुडी कोणत्या खिशात आहे ते दाखवा. आपण शुद्धीवर असाल आणि गिळू शकत असाल तरच त्यांनी साखर द्यायची. शुद्ध हरपली तर तोंडात काहीही न घालता कुशीवर वळवायचे, रुग्णवाहिका बोलवायची, आणि ग्लुकॅगॉन (यकृताला साठ्यातील साखर रक्तात सोडायला लावणारे औषध) जवळ असेल तर ते द्यायचे. मात्र दिवसभराच्या कष्टाने यकृत रिकामे झाले असेल तर ग्लुकॅगॉनचा परिणाम तोकडा पडू शकतो, म्हणून त्याच्या भरवशावर रुग्णवाहिका लांबवू नये. अंग तापलेले असून माणूस भ्रमिष्टासारखा बोलत असेल तर तो उष्माघात असू शकतो, आणि कष्टाच्या उष्माघातात अंग घामाने ओलेही असते. तेव्हा साखर तपासत असतानाच दुसऱ्याने अंगावर थंड पाणी ओतायला सुरुवात करावी.

वैद्यांशी बोलणे न लांबवता आजपासून सात दिवस एक वही ठेवा: उठल्यावर, कामाआधी, अडीच वाजता, काम संपल्यावर आणि झोपताना साखर किती, काय खाल्ले, किती पाणी प्यालात, थरथर केव्हा आली आणि तेव्हा काय घेतले. या सात दिवसांत शीतपेयाऐवजी खिशात पंधरा-पंधरा ग्रॅम ग्लुकोजच्या तीन पुड्या ठेवा. साखर ५४ च्या खाली एकदाही गेली तर सात दिवस पूर्ण होण्याची वाट पाहू नका, त्याच दिवशी वही घेऊन जा.